राजगुरुनगर ते हुसैनीवाला: हुतात्मा राजगुरूंसाठी केलेला प्रवास

पंजाबला जाणारी आपली बहुतेक मंडळी सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, वाघा बॉर्डर एवढं बघून परत येतात, आणि आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंची हुसैनीवाल्याची समाधी अमृतसरपासून तीन तासांच्या आत आहे हे कित्येकांच्या गावीही नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं स्पष्ट मत, सुरुवात राजगुरुनगरपासूनच करा. पुणे-नाशिक हायवेवर पुण्यापासून साधारण ४० किमी, गाड्या भरपूर. एस.टी.ला विचारताना राजगुरुनगर असंच सांगा, नुसतं खेड म्हटलं तर रत्नागिरीचं खेड पण आहे, उगाच घोळ नको. राजगुरूंचा वाडा भीमेच्या काठावर आहे, २४ ऑगस्ट १९०८ चा त्यांचा जन्म इथलाच. लहानपणीच वडील गेले, पुढे घर सोडून थेट काशीला संस्कृत शिकायला गेले आणि तिथे क्रांतिकारकांशी गाठ पडली. बाबा सोबत होते, ते वाड्यात बराच वेळ काही न बोलता नुसते बसून होते. तुम्हीही घाई करू नका, इथे किमान तासभर द्या, नदीकडची बाजू पण बघा.

आता पंजाब. मुंबईहून फिरोजपूरला पंजाब मेल थेट जाते, गाडी बदलायची भानगड नाही. संध्याकाळी सी.एस.एम.टी.हून निघते, दोन रात्री गाडीत जातात आणि पहाटे फिरोजपूर कॅन्टला उतरवते. पुण्यावरून ही गाडी जात नाही, त्यामुळे पुणेकरांनी कल्याण किंवा नाशिक रोडला पकडायची. रिझर्व्हेशन लवकर करा. प्रवास लांब आहे खरा, पण मला आवडला, कारण ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सच्या वधानंतर (१७ डिसेंबर १९२८, लाहोर, पहिली गोळी राजगुरूंची) भगतसिंग साहेबी वेशात, सोबत क्रांतिकारक सहकारी दुर्गाभाभी आणि त्यांचं लहान बाळ, आणि राजगुरू नोकर बनून सामान उचलत, असे सगळे रेल्वेनेच लाहोरमधून पोलिसांच्या डोळ्यांदेखत निसटले होते, ते सगळं आठवत राहतं.

फिरोजपूर शहर छोटं आहे. सकाळी फ्रेश होऊन सारागढीचा गुरुद्वारा करा, १८९७ च्या लढाईतल्या २१ शीख सैनिकांचं स्मारक आहे ते. तूडी बाजारात क्रांतिकारकांचा गुप्त अड्डा होता ते घर आहे, गल्ली अरुंद आहे, चालतच जा.

हुसैनीवाला तिथून साधारण १० किमी. एरवी रेल्वे नसते तिकडे, ऑटो करावी लागते. जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट भाडं आधीच ठरवा, अंधार पडल्यावर तिथे परतीची गाडी मिळणं अवघड. दुपारीच पोचा म्हणजे समाधीपाशी निवांत वेळ मिळतो आणि मग रिट्रीट, म्हणजे सीमेवर संध्याकाळी झेंडा उतरवण्याचा सोहळा.

इथे काय घडलं ते माहीत असेल तरच ही जागा कळते. राजगुरूंना पुण्यात ३० सप्टेंबर १९२९ ला पकडलं, लाहोर कटाचा खटला चालला, ७ ऑक्टोबर १९३० ला फाशीची शिक्षा सुनावली. फाशी ठरली होती २४ मार्च १९३१ च्या सकाळची, पण सरकार इतकं घाबरलेलं की आदल्या संध्याकाळीच राजगुरू, भगतसिंग आणि सुखदेव या तिघांना फासावर दिलं आणि लोकांना पत्ता लागू नये म्हणून रात्रीतून देह इथे सतलजच्या काठावर आणून घाईघाईत जाळले. राजगुरू २२ वर्षांचे होते, भगतसिंग आणि सुखदेव २३ चे. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली, मग १९६१ मध्ये भारताने १२ गावं देऊन ती परत घेतली. बारा गावं! हे वाचून मला भरून आलं. १९७१ च्या युद्धात इथे जोरदार लढाई झाली, स्मारकातले पुतळे पाकिस्तानी सैन्य घेऊन गेलं, नंतर नवे बसवले. भगतसिंगांचे सहकारी बटुकेश्वर दत्त १९६५ मध्ये गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांनाही इथेच अग्नी दिला, आणि भगतसिंगांच्या आईलाही. लाहोरकडे जाणारी जुनी रेल्वेलाइन इथेच संपते, पुलाचे अवशेष दिसतात.

आमच्या ऑटोवाल्या काकांना आम्ही महाराष्ट्रातून आलो कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, राजगुरूंचं घर कसं आहे, नदी आहे का तिथे? बाबांनी मोबाइलवर वाड्याचे, भीमेचे फोटो दाखवले, ते एकेक फोटो मोठा करून बघत होते. म्हणून म्हटलं आधी वाडा बघून जा, तिकडची माणसं विचारतात आणि आपल्याला सांगता आलं पाहिजे.

रिट्रीट वाघ्यापेक्षा छोटी, पण जवान अगदी जवळून दिसतात. सीमेवरच्या परिस्थितीप्रमाणे कार्यक्रमात बदल होतात, वेळही उन्हाळ्या-हिवाळ्यात वेगळी, त्यामुळे त्याच दिवशी सकाळी फिरोजपुरात चौकशी करा. आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र ओरिजिनल न्या, मोठ्या बॅगा लॉजवर ठेवा, आणि बी.एस.एफ.वाले फोटो नको म्हणाले तर नको.

मे-जूनमध्ये वयस्कर माणसांना घेऊन अजिबात जाऊ नका, पारा ४० च्या वर असतो. २३ मार्चला मोठा मेळा भरतो, त्या दिवशी फिरोजपूरहून हुसैनीवाल्याला स्पेशल ट्रेन सोडतात, बैसाखीलाही. गर्दी सोसत असेल तर तेव्हा नक्की जा. निवांत बसायचं असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास लेट होतात, तेव्हा गेलात तर पुढच्या कुठल्याही बुकिंगच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा.