ट्यूबखाली काढ

रविवार, रात्री साडेअकरा

सकाळी आईचा फोटो काढायचा होता, कुठल्याशा अर्जासाठी. खिडकीशी बसवलं तर म्हणाली, "इथे नको रे, सुरकुत्या दिसतात. आत ट्यूबखाली काढ." काढला. चेहरा एकदम सपाट, रेशनकार्डावरच्यासारखा.

जेवणं उरकल्यावर लॅपटॉपवर डच चित्रकार रेम्ब्रांट उघडून बसलो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं १६६९चं आत्मचित्र, वय ६३. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो गेला. उजेड पाडलाय तो नेमका कपाळावर आणि त्या बटाट्यासारख्या नाकावर. बाकी अंगरखा, हात, मागची भिंत, सगळं तपकिरी अंधारात विरत गेलेलं. चित्र मोठं करत नेलं की दिसतं, उजेडाच्या जागी रंग जाड थापलाय आणि सावलीत पातळ. म्हणजे कातडीचा खडबडीतपणा डोळ्यांना भासतो एवढंच नाही, बोट फिरवलं तर लागेल.

सगळ्यात जास्त वेळ मी हातांवर अडकलो. क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा कळलं की आधी त्यांत कुंचला होता. नंतर तो काढून टाकून त्याने हात नुसते एकमेकांत गुंफून ठेवले. का, ते त्यालाच ठाऊक.

१६५६ला दिवाळं, मग घर विकलं गेलं, १६६३ला त्याची जोडीदारीण हेंड्रिक्ये गेली, १६६८ला मुलगा टिटस. हे वाचून प्रत्येक सुरकुतीत एकेक दुःख शोधायचा मोह होतो. मला काही ते पटत नाही. चेहरा अजिबात दीनवाणा नाही. उलट "झालं का बघून?" असं विचारतोय.

याच गॅलरीत त्याने १६६१च्या सुमारास रंगवलेली मार्गारेता दे गेअर आहे. श्रीमंत व्यापाऱ्याची म्हातारी बायको. गळ्याभोवती चुण्यांची भलीमोठी पांढरी चकती, जी तोवर कधीच जुनाट झाली होती. लोक काय घालतात याच्याशी बाईंना कर्तव्य नाही. आमची आजी लग्नकार्यातही नऊवारीच नेसायची, ती आठवली.

आई पाणी प्यायला उठली होती, मागून डोकावली.

"कोण रे हा?"

"चित्रकार. स्वतःचंच काढलंय."

चष्मा नव्हता, म्हणून अगदी जवळ येऊन बघितलं. "झोप झालेली दिसत नाही याची," म्हणाली, आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करून झोपायला गेली.