एक दाबला, पण तो पोचलाच नाही: दुकानाच्या फोनचं राउटिंग बसवताना

“मॅडम, लाइन ओके आहे, तिकीट क्लोज करतो.”

तिकीट म्हणजे माझी नोंदवलेली तक्रार. फोन कंपनीच्या मदत केंद्राचं हे वाक्य आठवलं की अजून माझं डोकं तापतं. लाइन ओके नव्हती. आम्हाला फोन करणारा शेतकरी बटण दाबत होता, ते बटण आमच्या यंत्रापर्यंत पोचत नव्हतं, आणि हे मी त्यांना पुराव्यानिशी सांगत होते. कुणी आपल्या दुकानात, दवाखान्यात, क्लासमध्ये ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारी फोनची यंत्रणा बसवत असेल आणि याच जागी अडकला असेल, तर त्याचा मनस्ताप वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं सांगलीत शेतीपंपांचं दुकान आहे. खाली काउंटर, वरच्या मजल्यावर हिशेबाची खोली आणि गावाबाहेर वाइंडिंगचं वर्कशॉप. वर्कशॉपला वेगळा नंबर होता, तो कुणाच्या लक्षात राहायचा नाही. सगळे फोन काउंटरवर यायचे आणि तिथला पोरगा एका हातानं इम्पेलर दाखवत दुसऱ्या हातानं निरोप लिहून घ्यायचा. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि जुन्या ईपीएबीएक्सचं, म्हणजे दुकानातले फोन जोडणाऱ्या डब्याचं, कार्ड जळालं, तेव्हा मी म्हटलं, आता नीटच करू. एक दाबला की सुटे भाग, दोन दाबला की मोटार दुरुस्ती, तीन दाबला की बिलं. आणि रात्री आठनंतरचा दुरुस्तीचा फोन थेट मिस्त्रींच्या मोबाइलवर.

रात्रीचं एवढं का, तर शेतीपंपाच्या फिडरला (वीजवाहिनीला) आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज असते. लाइट येते, मोटार उठत नाही, आणि पाण्याची पाळी हातची जाते. अशा माणसाला सकाळी दहानंतर फोन करा म्हणणं मला पटत नव्हतं.

अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळ्यालाच विरोध. “माणसानं फोन केला तर माणसानंच उचलावा, रेकॉर्ड कशाला ऐकवायचं?” त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला ते बिनचूक चालवून दाखवायचं होतं.

जुन्या कॉम्प्युटरवर फ्रीपीबीएक्स हे फोन वळवणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं. आत अ‍ॅस्टरिस्क आहे, म्हणजे कॉल जोडणारं मूळ सॉफ्टवेअर, जे मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. एक्स्टेन्शन (आतले फोन), रिंग ग्रुप (एकत्र वाजणारे फोन), आयव्हीआर (बटण दाबायला सांगणारा रेकॉर्ड केलेला संदेश), वेळेचे नियम हे सगळं ब्राउझरमध्ये भरता येतं. फोन कंपनीकडून एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोनची लाइन, घेतला. कागदपत्रं, जीएसटीचा दाखला, सह्या वगैरे सुरळीत झालं. जावेच्या आवाजात संदेश रेकॉर्ड केला. काउंटरच्या फोनवरून आयव्हीआर लावून पाहिला, तिन्ही बटणं चालली. माझ्या मोबाइलवरून लावला, चालला.

दुसऱ्या दिवशी तासगावकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मला मोबाइलवर फोन. “ताई, दोन दाबलं की बाई परत पहिल्यापासनं तेच बोलतीया. तीनदा दाबलं. मग फोनच कट.” तेवढ्यात काउंटरवर दुसरा माणूस आला तो हेच सांगत. पण त्याच वेळी वर्कशॉपचा फोन छान वाजत होता, म्हणजे काहींचं बटण लागत होतं आणि काहींचं नाही. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत होते.

मदत केंद्राला फोन केला. पहिल्यानं सांगितलं, राउटर बंद करून चालू करा. दुसऱ्यानं सांगितलं, गिऱ्हाइकाच्या हँडसेटमध्ये प्रॉब्लेम असेल. तिसरा म्हणाला, तुमच्या आयव्हीआरच्या डब्याची कंपनी आम्ही नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी मी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि संध्याकाळी मेसेज: तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. मला न विचारता तिकीट बंद. बिघाड झाला म्हणून माझी तक्रार नाही. तार आणि यंत्र आहे, बिघडणारच. पण समोरचा माणूस काय सांगतोय ते ऐकून न घेता कागद मिटवून टाकणं याला काही अर्थ नाही. तिकडे माणूस अंधारात विहिरीवर उभा असतो.

मग मी वही घातली. ज्यांचं बटण लागलं नाही त्यांचा नंबर, मोबाइल की लँडलाइन, कुठल्या कंपनीचं सिम. दोन-तीन पानं भरली आणि चित्र स्पष्ट झालं. न लागलेले जवळजवळ सगळे एकाच मोबाइल कंपनीचे होते. माझं सिम दुसऱ्या कंपनीचं, म्हणून मला सगळं ठीक दिसत होतं. अशी चाचणी करताना घरातल्या, शेजारच्या वेगवेगळ्या सिमवरून फोन लावून बघाच, आणि एखाद्या लँडलाइनवरूनही.

आता बटण जातं कसं ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय मदत केंद्राशी बोलता येत नाही. फोनवर १ दाबला की एकाच वेळी दोन सूर वाजतात, ६९७ हर्ट्झ आणि १२०९ हर्ट्झ. २ ला ६९७ आणि १३३६. आडव्या ओळीचा एक सूर, उभ्या रांगेचा एक. याला डीटीएमएफ म्हणतात. इंटरनेटवरच्या फोनमध्ये हे बटण मुख्यतः दोन प्रकारे येऊ शकतं. एक, बोलण्याच्या आवाजातच तो सूर मिसळलेला येतो. दुसरा, आवाजापासून वेगळं एक छोटं पाकीट येतं, ज्यात ‘दोन दाबला’ एवढंच लिहिलेलं असतं. या दुसऱ्या पद्धतीला बहुतेक कंपन्या अजून ‘आरएफसी २८३३’ (तिच्या नियमपत्राचा जुना क्रमांक) म्हणतात, खरं तर २००६ पासून तिच्या जागी ४७३३ आला. आम्हाला दिलेल्या सेटिंगच्या कागदावर छापलं होतं: डीटीएमएफ फक्त आरएफसी २८३३. त्याप्रमाणे आमचं यंत्र फक्त पाकिटाची वाट बघत होतं.

पाकीट येतंय का हे बघायला एसएनग्रेप नावाचं साधन आहे, फुकट. सर्व्हरवर, म्हणजे त्याच जुन्या कॉम्प्युटरवर, ते उघडून ठेवलं, तासगावला माझा भाऊ राहतो, त्याचं सिम त्याच कंपनीचं, त्याला म्हटलं लाव फोन. मग माझ्या मोबाइलवरून लावला. दोन्ही कॉलचा सुरुवातीचा मजकूर शेजारी शेजारी ठेवला. माझ्या कॉलमध्ये ‘टेलिफोन-इव्हेंट’ अशी ओळ होती, आकडा १०१. भावाच्या कॉलमध्ये ती ओळच नव्हती. म्हणजे त्या वाटेनं येणाऱ्या कॉलला पाकीट पाठवायची बोलीच झाली नव्हती. भावाला सांगूनच त्याचा आणखी एक कॉल टीसीपीडंप या साधनानं साठवून वायरशार्क या दुसऱ्या साधनात ऐकला. मागे कुणाची तरी मोटारसायकल, भावाचं “दाबू का आता?”, आणि मग स्वच्छ, लांबलचक पींऽऽ. बटण येत होतं! आवाजातून येत होतं, आणि कागदावरच्या सूचनेमुळे आमचं यंत्र तिकडे कानच देत नव्हतं. त्या रात्री हेडफोन काढून मी अण्णांच्या कानाला लावला. त्यांनीही ऐकला.

ट्रंकच्या सेटिंगमध्ये डीटीएमएफ ‘ऑटो’ केलं. मग पाकिटाची बोली झाली असेल तर यंत्र पाकीट बघतं, नसेल तर आवाजात सूर शोधतं. कोडेकच्या, म्हणजे आवाज पाठवण्याच्या पद्धतींच्या, यादीतून जी ७२९ काढून टाकला, नुसता ए-लॉ ठेवला. जी ७२९ आवाज इतका दाबतो की त्यात मिसळलेले सूर खात्रीनं ओळखू येत नाहीत, त्यामुळे ‘ऑटो’ करूनही उपयोग होत नाही. भावानं परत लावला, दोन दाबला, आणि गावाबाहेर वर्कशॉपात घंटा वाजली. मिस्त्रींनी उचलून “बोला” म्हटलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

तरी मी तिथे थांबले नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक फोन कंपनीला तक्रार केंद्र ठेवावं लागतं, तक्रारीला डॉकेट नंबर (नोंद क्रमांक) द्यावा लागतो, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपिलासाठी पैसे पडत नाहीत. बंद केलेल्या तिकिटांचे नंबर, वहीतला तक्ता आणि दोन्ही कॉलचे स्क्रीनशॉट जोडून मी अपील टाकलं. त्यानंतर पहिल्यांदा असा इंजिनिअर फोनवर आला ज्यानं राउटर बंद करायला सांगितलं नाही. त्या एका मोबाइल कंपनीचे कॉल ज्या गेटवेतून (दोन कंपन्यांना जोडणाऱ्या यंत्रातून) येतात तिथली सेटिंग वेगळी असल्याचं त्यानं मान्य केलं. हेच पहिल्या दिवशी झालं असतं. म्हणून सांगते, डॉकेट नंबर प्रत्येक वेळी मागून घ्या आणि लिहून ठेवा, “सिस्टिममध्ये आहे” यावर समाधान मानू नका.

बाकीच्या गोष्टी आठवतील तशा सांगते. आयव्हीआरमध्ये कुणी काहीच दाबलं नाही तर फोन कट होऊ देऊ नका, काउंटरवर वाजू द्या. वयस्कर माणसं बटण दाबतच नाहीत, थांबून राहतात. आता आमच्याकडे न दाबणाऱ्याचा फोन अण्णा स्वतः घेतात, आणि त्यामुळे त्यांचा विरोधही मावळला. संदेश छोटा ठेवा, नमस्कार आणि तीन पर्याय, बस्स.

रात्रीचा कॉल मिस्त्रींच्या मोबाइलवर पाठवताना नंबराआधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावाच लागतो, आणि ट्रंकचा नंबर लँडलाइनचाच असतो. असा पुढे पाठवलेला कॉल ट्रंकवरचे दोन चॅनल, म्हणजे दोन कॉलची जागा, अडवतो, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा, म्हणून चॅनल घेताना तेवढे जास्त घ्या. मिस्त्रींच्या मोबाइलवर गिऱ्हाइकाचा नाही, दुकानाचाच नंबर दिसतो. आमच्या कंपनीनं दुसऱ्याचा नंबर दाखवायला साफ नकार दिला, म्हणून मिस्त्री आता फोन उचलताच आधी नाव-गाव-नंबर लिहून घेतात.

सर्व्हरचा टाइमझोन बघा. तो यूटीसीवर (ग्रीनविचच्या वेळेवर) असेल तर सकाळी दहाचा नियम आपल्याकडे दुपारी साडेतीनला लागू होतो आणि तोपर्यंत गिऱ्हाइकाला ‘दुकान बंद आहे’ ऐकू येतं. राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे फोनच्या पाकिटांत फेरफार करणारी सोय, बंद करा, त्यानं एकाच बाजूचा आवाज येण्याचा त्रास होतो. आणि परदेशी कॉल कंपनीकडूनच बंद करून घ्या, एक्स्टेन्शनचे पासवर्ड लांबलचक ठेवा. ५०६० पोर्ट, म्हणजे यंत्राचं फोनसाठीचं इंटरनेटवरचं दार, जगाला उघडा टाकला की चोर रात्रीत बिल वाढवून ठेवतात.

हो, आणखी एक, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. आत येणारा नंबर +९१२३३ नं सुरू होऊन येतो, ०२३३ नं येतो की नुसते शेवटचे आकडे येतात, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. इनबाउंड राउटमध्ये (आत येणारा कॉल कुठे वळवायचा त्या नियमात) तो अक्षरशः तसाच भरावा लागतो, नाहीतर कॉल दारातूनच परत जातो. कागदावर विसंबू नका, एक कॉल लावून लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदीत) काय आलंय ते बघून भरा.

सुट्ट्याही त्याच वेळेच्या नियमांत बसतात. बेंदूर, दिवाळीचा पाडवा यांच्या तारखा तिथीप्रमाणे दर वर्षी बदलतात, तेव्हा नवं कॅलेंडर भिंतीवर आलं की त्याच दिवशी त्या भरून टाकायच्या. दुरुस्तीचा पर्याय मात्र आम्ही सुट्टीच्या यादीत घातलेलाच नाही, तो रोज चालू असतो.