खर्चाची फुगणारी यादी

रविवार, रात्रीचे साडेबारा

फ्लॅटचा या महिन्याचा खर्च ३१,४६० रुपये. बेरजेचं तेच फंक्शन (कोडचा छोटा तुकडा) पुन्हा चालवलं तर ६२,९२०. तिसऱ्यांदा ९४,३८०. रूमपार्टनर मागून डोकावला. "अरे, आपण एवढं गिळतो?"

दोष माझ्या चौदा ओळींच्या ईमॅक्स लिस्पचा, म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या आत चालणाऱ्या लिस्प भाषेतल्या कोडचा. हिशेबाची फाइल ईमॅक्समध्येच असते, तर बेरीजही तिथेच करू म्हटलं. वीस मिनिटांचं काम होतं, संध्याकाळ गेली.

खरा वैताग वेगळाच. काहीही बदलायचं, कंट्रोल-आल्ट-एक्स दाबून फंक्शन नव्याने भरायचं, की पहिलं उत्तर हमखास बरोबर. त्यामुळे मी निदान पाच वेळा "सापडलं!" म्हणून ओरडलो. पाचही वेळा दुसऱ्या फेरीत तोंडघशी पडलो.

शेवटी सिम्बॉल-फंक्शन वापरून फंक्शनची व्याख्याच छापून पाहिली. आणि बघतो तर माझ्या कोडच्या मधोमध दूध, गॅस, किराणा, परत दूध, गॅस, किराणा. मी हे कुठे लिहिलं होतं?

झालं होतं असं. फंक्शनच्या सुरुवातीला निकालाची यादी म्हणून मथळ्याची एक ओळ मी कोट (म्हणजे 'हे जसंच्या तसं घे' असं सांगणारं चिन्ह) लावून ठेवली होती. माझी समजूत, दर वेळी नवी कोरी यादी मिळेल. पण कोट केलेली यादी कोड वाचला जातो तेव्हा एकदाच बनते आणि फंक्शनच्या पोटातच राहते. चालवाल तेव्हा तीच हातात येते. त्यात मी खर्चाच्या ओळी एनकॉन्कने जोडत होतो. हा गडी नक्कल वगैरे करत नाही, आधीच्या यादीची शेपटी धरून पुढची यादी तिला बांधून टाकतो. म्हणजे दर फेरीला माझं फंक्शनच लांब होत होतं. नव्याने भरलं की मथळ्याची यादी पुन्हा कोरी, म्हणून पहिलं उत्तर बरोबर.

लिस्पमध्ये कोड म्हणजेच यादी, हे कॉलेजपासून ऐकतोय. परीक्षेत लिहिलंयसुद्धा. पण आपल्याच कोडमध्ये किराणा शिरलेला आज पहिल्यांदा पाहिला.

दुरुस्ती एका शब्दाची निघाली. कोट काढून तिथे लिस्ट हे फंक्शन वापरलं, की दर वेळी यादी ताजी. एनकॉन्कऐवजी अपेंडही चाललं असतं. ते शेवटची सोडून बाकी याद्यांची नक्कल करतं.

त्या शेपटीला लिस्पमध्ये कुडर (cdr) म्हणतात, डोक्याला कार (car). जॉन मॅकार्थींनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, ती भाषा आधी आयबीएम ७०४ वर चालली, आणि त्या यंत्राच्या 'वर्ड'मधल्या, म्हणजे मेमरीच्या एका घरातल्या, 'ॲड्रेस' आणि 'डिक्रिमेंट' या भागांवरून ही नावं पडली. यंत्र कधीच भंगारात गेलं, मी अजून कुडर टाइप करतोय. (कंसांबद्दल सगळे बोलतात. मला त्यांचा त्रास कधीच झाला नाही, ते ईमॅक्स मोजतं.)

झोपण्याआधी अजून एक सापडलं. रक्कम नसेल तर ओळ गाळ, असं लिहिलं होतं, तरी 'केबल ०' दिमाखात यादीत. कारण लिस्पमध्ये खोटं म्हणजे फक्त निल, म्हणजे 'काहीच नाही'. रिकामी यादी म्हणजेही निल, पण शून्य मात्र चक्क खरं! त्या केबलसाठी आता 'शून्य आहे का' असं उघडउघड विचारलंय.

सोमवार, जेवणानंतर

कितीही वेळा चालवा, ३१,४६० च. खूश होऊन तिघांत भागून टाकलं, प्रत्येकी १०,४८६. सगळे पैसे मीच भरले होते, म्हणून दोघांनी लगेच पाठवलेसुद्धा. मग सहज तिनाने गुणून पाहिलं. ३१,४५८.

पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की ईमॅक्स लिस्प दशांश छाटून टाकतं. कॉमन लिस्पने (लिस्पचीच दुसरी बोली) ३१४६०/३ असा अपूर्णांक जसाच्या तसा हातात ठेवला असता. इथे तीनच्या जागी ३.० लिहायला हवं होतं.

मी परत लॅपटॉप उघडताना पाहून रूमपार्टनर म्हणाला, "ते दोन रुपये माझ्याकडून घे, पण ते बंद कर आणि भांडी घास. आज तुझी पाळी आहे."