कालनिर्णयच्या चौकटीतली नाडी

काकू दवाखान्यात आल्या त्या काखेत कालनिर्णयची सुरळी घेऊन. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी ते स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं असतं. दूध, गॅस, संकष्टी आणि गेली चार वर्षं काकांची नाडी, सगळं त्याच चौकटींत. एएफमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या काकांच्या आजारात, नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, पंधरा सेकंदांची चौपट करायची नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं.

मागोमाग काका, मुलाच्या खांद्याचा आधार घेत. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईत त्यांचं हृदय आतून आणि बाहेरून डागण्याचं हायब्रिड अ‍ॅब्लेशन झालं होतं.

"तीन दिवस जेवण जात नाही रे, छाती जड, आडवं पडलं की दम लागतो. जवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी म्हणून एंडोस्कोपी लिहिलीय. अकराची वेळ आहे. म्हटलं जाता जाता तुझ्याकडे ईसीजी काढून जावं."

पट्टी निघाली आणि आधी मी चक्क खूश झालो. प्रत्येक ठोक्याआधी छोटीशी पी लाट, म्हणजे ठोके पुन्हा नियमित! चार वर्षांत काकांच्या पट्टीवर ती टिकलीच नव्हती. नुसतं कॅथेटरचं, म्हणजे शिरेतून नळी घालून केलेलं, अ‍ॅब्लेशन एकदा करून फसलं होतं. हृदयाचा डावा वरचा कप्पा ताणून मोठा झालेला, त्यामुळे फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चटके देऊन भागत नव्हतं. म्हणून जोडीचा उपचार. सर्जन छातीच्या हाडाखाली छोटा छेद घेऊन त्या कप्प्याची मागची भिंत बाहेरून डागतो, आणि इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे ठोक्यांचा तज्ज्ञ, जांघेतल्या शिरेतून आत शिरून राहिलेल्या फटी बंद करतो.

या दोन उपचारांची तुलना करणाऱ्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्व्हर्ज चाचणीचे आकडे मी काकांना सांगितले होते. 153 रुग्ण. वर्षभरानंतर नुसत्या कॅथेटरने 50 टक्के, जोडीच्या उपचाराने 67.7 टक्के लोक या बिघडलेल्या ठोक्यांतून सुटलेले. गंभीर गुंतागुंत मात्र जोडीच्या गटात 7.8 टक्के आणि कॅथेटरच्या गटात एकही नाही. दोन्ही बाजू सांगितल्या खऱ्या, पण पहिली सावकाश सांगितली आणि दुसरी भरभर. आता आठवलं की ते खुपतं.

तेवढ्यात काकूंनी सुरळी टेबलावर उलगडली. ऑपरेशननंतरच्या चौकटींत 72, 74, 72. मग 88. मग 96, 108, काल 116. बाजूला बारीक अक्षरात 'ठोके सरळ'. पुन्हा पट्टी पाहिली. लाटा सगळ्या बुटक्या. सिस्टरनी बीपीचा पट्टा दुसऱ्यांदा गुंडाळला. "साहेब, ओछुं आवे छे. नव्वद." कमी येत होतं. काका ताठ बसलेले, तरी मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

"काका, एंडोस्कोपी आज नाही."

मुलगा वैतागला. त्याला सांगितलं, डागलेल्या कप्प्याच्या पाठीशीच अन्ननलिका असते. या उपचारानंतरच्या काही आठवड्यांत क्वचित दोघांमध्ये भोक पडतं. एंडोस्कोपीत हवा भरतात. तसं भोक असेल तर ती हवा हृदयात आणि तिथून थेट मेंदूत. तशी शंका असली तर आधी सीटी. अ‍ॅसिडिटी पाहणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, डिस्चार्जच्या कागदावर याचा एक शब्दही नव्हता.

एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लावला. हृदयाभोवती साचलेल्या पाण्याचा काळा पट्टा, जवळजवळ दोन सेंटिमीटर, आणि दर ठोक्याला उजवा कप्पा आत चेपतोय. बाहेरून डागलेल्या जागी आवरण सुजून पाझरत राहिलेलं, त्यात रक्त पातळ करण्याची गोळी. पोट भरल्यासारखं वाटणं, भूक जाणं हेही त्या दाबाचंच.

तासाभरात काका कॅथलॅबमध्ये. एकोवर नजर ठेवून सुई घातली, कोऱ्या चहासारखं लालसर पाणी आलं. पहिल्या दीडशे मिलीतच बीपी 110. एकूण 650 निघालं. मग सीटी. अन्ननलिका शाबूत.

गोळी थांबवावी तर गुठळीची भीती, चालू ठेवावी तर पुन्हा पाझर. मुंबईच्या सर्जनशी फोनवर वीस मिनिटं त्यावरच गेली. थोडे दिवस बंद, पाणी निघायला ठेवलेली नळी काढल्यावर एको करून पुन्हा सुरू, असं ठरलं.

संध्याकाळी आयसीयूत काकांनी खिचडी मागितली. काकू मनगट धरून घड्याळाकडे बघत होत्या. मिनिट पुरं होईपर्यंत मीही थांबलो.

"84," त्या म्हणाल्या आणि पर्समधून पेन काढलं. "ते एंडोस्कोपीचे पैसे आधीच भरलेत रे. परत देतील का?"