गुडघ्याएवढी गंजाची रेघ

माझ्या तक्त्यात त्या रुग्णालयापुढे हिरवा रंग होता. शहराच्या पूरजोखमीच्या कामात आम्ही आधी संगणकावर नदीचं पाणी पसरवून बघतो. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा रुग्णालयाच्या फाटकाअलीकडेच थांबत होती, आणि जनरेटर तर गच्चीवर. आता पाहणी तेवढी उरली, असं धरूनच मी गेले.

जनरेटर चांगला निगा राखलेला होता. निघता निघता सोबतच्या इलेक्ट्रिशियनना सहज विचारलं, "डिझेल वर कसं चढवता?"

"पंपाने. पंप खाली तळघरात आहेत. दाखवू?"

खाली टाकी, तिच्याशेजारी दोन पंप, भिंतीला त्यांचं पॅनेल. पॅनेलच्या पत्र्यावर माझ्या गुडघ्याच्या उंचीला गंजाची सरळ आडवी रेघ. रेघेखाली रंग फुगून पोपडे सुटलेले, वर अगदी कोरा. बोट लावलं तर पोपडा हातातच आला.

"हे कधीचं?"

"दोन पावसाळे झाले, मॅडम. नदीबिदी नव्हती आली. तासभर धो धो पडला आणि रस्त्यावरचं पाणी गाड्यांच्या उतारावरून आत शिरलं. बादल्यांनी उपसलं आम्ही. वीज गेली नाही म्हणून निभावलं."

वीज गेली नाही, म्हणून त्याची कुठे नोंदही झाली नाही.

आमच्या नकाशातला एक चौकोन 30 मीटरचा. तो उतार त्यात दिसणारच नव्हता. शिवाय आम्ही हिशेब धरला होता नदीचा, आणि पाणी आलं होतं तुंबलेल्या गटारांचं. गटारं जुन्या पावसाच्या आकड्यांवर बांधलेली असतात. हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे असा तासाभराचा पाऊस पूर्वीपेक्षा जोरात कोसळतो. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द मी लोकांसमोर वापरणं सोडलंय. दरवर्षी 1 टक्का म्हणजे 30 वर्षांत चारात एक शक्यता, हे त्यांतून कुणाला कळतच नाही.

ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात हेच झालं होतं. जनरेटर तेराव्या मजल्यावर, इंधनाचे पंप तळघरात. पंप बुडाले. कर्मचाऱ्यांनी जिन्यात साखळी करून हातोहात इंधन वर पोचवलं, तरी शेवटी रुग्ण हलवावेच लागले. हे सगळं मी वाचलं होतं. तरीही माझ्या तक्त्यात 'जनरेटर किती उंचीवर' एवढाच रकाना होता, याचं मला फार वाईट वाटलं.

टेप मागवून रेघेची उंची मोजली, फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी रंग बदलून लाल केला. उताराच्या तोंडाशी उंचवटा बांधायला व्यवस्थापन लगेच तयार झालं. पंप वर न्यायला मात्र पुढच्या वर्षीचा निधी लागेल म्हणतात. ते मला पटलेलं नाही, आणि मी तसं लेखी दिलंय.

बाकीच्या हिरव्या इमारती मी पुन्हा बघायला घेतल्या आहेत. तिसऱ्याच ठिकाणी तळघराची किल्ली कुणाकडे असते, हे कुणालाच सांगता येईना.