टेबलटॉपच्या वरच्या अंगाला

रस्ता ओलांडायची जागा फूटपाथच्या उंचीला उचलून घेतली, की तिला आम्ही टेबलटॉप म्हणतो आणि लोक स्पीडब्रेकर. सोलापूरच्या पूर्व भागात, मुलींच्या एका शाळेसमोर उन्हाळ्यात असा टेबलटॉप झाला. मी तिथं सल्लागारांच्या वतीनं साइट बघतो. सुरुवातीचे काही महिने कुणाची तक्रार नव्हती. हस्ताचा पाऊस आला त्या संध्याकाळचं मात्र अजून डोक्यातून जात नाही.

कोपऱ्यावरच्या टॉवेल-चादरीच्या दुकानदाराचा फोन आला. "साहेब, पाणी दुकानात यायलंय की ओ, लवकर या!" पोचलो तर टेबलटॉपच्या खालच्या अंगाचा रस्ता नुसता ओला, आणि वरच्या अंगाला कडेकडेनं घोटे बुडतील एवढं पाणी. दुकानदार काका खालच्या फळीवरचे गठ्ठे काउंटरवर चढवत होते आणि तेलुगूतून कुणाला तरी फोनवर बोलावत होते.

बाहेरच्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही, की एकच उंचवटा गाडीला वेगळा असतो आणि पाण्याला वेगळा. सात मीटर रुंदीचा डांबरी रस्ता, कॅम्बर अडीच टक्के. म्हणजे मधल्यापेक्षा कडा जवळजवळ ८७ मिमी खाली. टेबलटॉप वरून सपाट आणि कडेला कर्बइतका, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाएवढा, १५० मिमी. मग रस्त्याच्या मध्यावर त्याची उंची उरते अवघी ६३ मिमी. गाडीवाला मधून जातो, त्याला ६३ लागतात. पाणी कडेनं वाहतं, त्याला पुरे १५०. तिथल्या रस्त्याला उतार अर्धा टक्का, म्हणजे तुंबलेलं पाणी मागं ३० मीटरपर्यंत पसरणार. त्या ३० मीटरमध्ये दुकानांची रांग. त्यांचे उंबरे जुन्या रस्त्याच्या पातळीचे. आपल्याकडे जुनं डांबर खरवडून न काढता वर नवा थर देतात, तसा रस्ता वर येत गेला. नवा फूटपाथ आजच्या डांबरावरून मोजून उचलला आणि उंबरे फूटपाथच्याही खाली गेले. म्हणून पाण्याला टेबलटॉपवरून उडी मारण्याआधी दुकानात शिरणं सोपं.

ड्रॉइंगमध्ये पाण्याची सोय होती. दोन्ही कडांना, टेबलटॉपच्या पोटातून, ११० मिमीचा एकेक पीव्हीसी पाइप. तेवढ्या उतारावर असा पाइप सेकंदाला पाचेक लिटर नेतो. रस्त्याची एक बाजू, फूटपाथ आणि त्यावर सांडणारी छतं धरली तर साधारण ०.१५ हेक्टर. तासाला ५० मिमीच्या दरानं पाऊस पडला तर थोडं जिरेल ते सोडून एका कडेला सेकंदाला अठरा-एकोणीस लिटर येतात. हे गणित करायला पाच मिनिटं लागतात. पण ड्रॉइंग 'टिपिकल' होतं. नव्या, मोकळ्या रस्त्यासाठी काढलेलं चित्र जुन्या रस्त्यावर तसंच ठेवून द्यायची सवय मला मनापासून खटकते.

त्यात हा पूर्व भाग. इथल्या रस्त्याच्या कडेला चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या असतातच, पण यंत्रमागाच्या कारखान्यांतून झाडून काढलेला सुताचा कचराही असतो. बिगारी मामांनी पाइपच्या तोंडात सळई घालून ओढली, तर ओल्या सुताचा हातभर गुंता बाहेर आला. पाणी जरा हललं, पुन्हा थांबलं.

तोवर गर्दी जमली होती. "तोडून टाका हे!" वर कुणाकुणाला फोन गेले, जेसीबी आला, आणि मला सांगण्यात आलं की पूर्ण काढा. शाळेतल्या मावशी छत्री घेऊन फाटकाजवळ उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "काढू नका ओ साहेब. हे झाल्यापासनं गाड्या दमानं येतात. आधी पोरींचा हात धरून पळत सुटावं लागायचं." गर्दीतून त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. पाणी दुकानात शिरलं की अर्ध्या तासात सगळे फोन वाजतात. पोरगी रिक्षाखाली येता येता वाचते, तेव्हा एकही फोन वाजत नाही.

मी जेसीबी बाजूला लावायला सांगितला आणि हातानं चालवायचा, काँक्रीट फोडायचा ब्रेकर मागवला. दोन्ही कडांना, कर्बला लागून, २५० मिमी रुंदीची पट्टी खालच्या डांबरापर्यंत फोडली. मिस्त्रींनी भर पावसात ती कड सरळ ठेवली, हे त्यांचंच काम. पट्टी खुली होताच पाणी खालच्या अंगाला धावलं आणि काकांचा उंबरा मोकळा झाला. वरिष्ठांना मी तिथूनच कळवलं, की मधला भाग ठेवतोय.

तरी प्रश्न सुटलेला नाही. ती पट्टी साफ असेल तर सेकंदाला सतराएक लिटर नेते, म्हणजे जेमतेम. त्यावरून पोरींना, तीनचाकी सायकलवाल्याला जायचं तर झाकण हवं. जाळी टाकावी तर फट १२ मिमीपेक्षा मोठी नको आणि दांड्या चाकाला आडव्या हव्यात. एवढ्या बारीक फटीवर सूत बसतं. म्हणून जाड चेकर्ड प्लेट, म्हणजे पाय घसरू नये म्हणून वर उठाव असलेला लोखंडी पत्रा, टाकली. ती गाडीखाली वाजते म्हणून बोल्ट लावले. बोल्ट लावले, की खालची सफाई बंद पडते.

मला सगळ्यात जास्त सलतं ते दुसऱ्या दिवशी दिसलं. टेबलटॉपच्या खालच्या अंगाला, सहा मीटरवर, पावसाळी गटाराची जुनी जाळी आहे. आदल्या संध्याकाळी आम्ही कड फोडेपर्यंत तिच्यापर्यंत पाणी फारसं पोचलंच नव्हतं. टेबलटॉप दहा-बारा मीटर खाली सरकवला असता, तर हीच जाळी आपोआप वरच्या अंगाला आली असती, आणि सोय फुकटात झाली असती. कडेनं दर पाच मीटरला स्टाफ, म्हणजे मोजणीचा उभा दांडा, धरून लेव्हल घ्यायचं काम तासाभराचं. पण मग तो शाळेच्या फाटकापासून तेवढाच लांब गेला असता. सुटल्यावर फाटकातून सरळ समोर धावणाऱ्या मुली तेवढं वळून गेल्या असत्या का? मावशी म्हणतात, नाही. मला वाटतं, फूटपाथला रेलिंग असतं तर गेल्या असत्या.

आता वरच्या अंगाला, टेबलटॉपवर चढायचा उतार सुरू व्हायच्या आधी, दोन्ही कडांना नवी जाळी आणि चेंबर घेऊन ३०० मिमीच्या पाइपनं जुन्या गटाराला जोडायचं एस्टिमेट मी दिलंय. रस्ता खोदायची परवानगी अडली आहे. बोल्टचा पाना मावशींकडे ठेवलाय. बिगारी मामा आले, की त्या समोर उभं राहून प्लेट उघडून घेतात.