पांढऱ्या मातीचं घमेलं

स्मरणिकेसाठी "शाळेतल्या गमतीजमती लिहा" असा निरोप आला. गमती पुष्कळ आहेत. पण आमच्या 1993-94 च्या दहावीच्या तुकडीतल्या कुणालाही विचारा, बोलणं फिरून फिरून एकाच पोरावर येतं. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याची आई अजून गावात आहे, तिला न विचारता ते छापायला मन घेत नाही. वर्गातल्यांना नाव लागणारही नाही.

स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. तास चालू असला तरी बाकाखाली पाय हलायचे. गणिताचे सर म्हणायचे, "तुझ्या पायाला पट्टा लावला तर पिठाची गिरणी चालंल." कबड्डीत मात्र तो कच्चाच. चढाईला गेला की घाई करायचा, हमखास सापडायचा आणि पकडणाऱ्यांसोबत स्वतःच हसत सुटायचा.

त्याचा खरा हंगाम मृगाच्या आधी. आजच्या मुलांना सांगायला हवं, तेव्हा आपल्या भागात घरं माळवदाची. हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, मधे चुना-सिमेंट नाही, नुसती माती. वर तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. पावसात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवा थर टाकायचा, जुना कोण काढतो? उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. माळवदाचा वाडा म्हणजे घराण्याची इज्जत.

ज्या घरी चढणारं माणूस नाही तिथं हा आपलं घमेलं घेऊन हजर. आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्या होत्या. त्यांना म्हणायचा, "माय, तू खालीच थांब. वर आलीस तर मातीबरोबर तुलाबी उतरवावं लागंल." मजुरी म्हणून गूळ-शेंगदाणे. तेही माझ्या खिशात कोंबायचा, कारण खालून घमेली भरून द्यायला मी असायचो. चार उन्हाळे आम्ही हे काम केलं. सगळ्यांच्या डोक्यावर माती चढवली आम्ही दोघांनी.

आमचं घर गावाच्या कडेला, कुडाचं, वर पत्रे. त्याला त्याचं फार वाईट वाटायचं. "पत्र्यावर पाऊस वाजतो तवा तुला झोप कशी लागते बे?" असं विचारायचा. त्या जूनमध्ये त्याचं घमेलं माझ्याकडंच राहिलं. म्हणाला, "ठेव. दहावी होऊ दे, तुमच्याबी घरावर माळवद टाकू."

किल्लारीच्या आसपास 1992 च्या दिवाळीआधीपासूनच भूकंपाचे हादरे बसत होते. जमिनीतून आवाज यायचा, भांडी वाजायची. काही दिवस लोक अंगणात झोपले. मग थंडी आली, चोरांची भीती आली आणि माणसं आत गेली. शाळेत आम्ही त्या आवाजाची नक्कल करायचो. त्याला ती सगळ्यांत चांगली जमायची.

29 सप्टेंबर 1993 ला गणपती बुडवले. तो मिरवणुकीत लेझीम खेळून घामाघूम झाला होता. रात्री उशिरा वेशीजवळ म्हणाला, "वाड्यावरच झोप की, उद्या संगंच शाळेला जाऊ." मी दमलो होतो, नको म्हणालो. बस, एवढंच. यात शकुन-बिकुन काही नव्हता.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आमचे पत्रे थडाथडा वाजले, एक कूड कलला. आम्ही सगळे बाहेर आलो. गावात अंधार नव्हता, धूळ होती. उजाडलं तेव्हा गल्ली कुठून सुरू व्हायची तेच कळेना. त्याच्या आईला दुपारी जिवंत काढलं. तो संध्याकाळी सापडला. मग पाऊस सुरू झाला. सरण कमी पडलं म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया घेतल्या. त्या तीन म्हाताऱ्यांपैकी एक वाचली, लेकीकडं गेली होती म्हणून.

पुढं आयटीआय करून पुण्यात फिटर झालो. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज हिशेब मांडला. दहा बाय दहाची खोली, वर दोन फूट माती, म्हणजे आठ-नऊ टन. अभियंते तेव्हा हेच सांगत होते, की भिंतीतले दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि डोक्यावर हे ओझं. तो कागद मी फाडून टाकला. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही लेकरं होता." खरं आहे. तरी मनातल्या मनात घमेली मोजायची सवय गेलेली नाही.

ढिगारा उपसायला मी त्याचंच घमेलं नेलं होतं. काठावर खिळ्यानं ठोकलेलं त्याच्या वडलांचं नाव होतं. नंतर 52 गावं नव्या जागी वसली, त्यात आपलंही. त्याआधी पत्र्याच्या शेडमध्ये असताना एका पावसाळी संध्याकाळी ते घमेलं परत द्यायला गेलो. वर पत्रा इतका वाजत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. काकूंनी घमेलं हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि परत माझ्याकडं दिलं.

"ने बाबा. आता कुठं माती टाकायचीय?"